शकूताईचा दुसरा आवाज

परवा लेकीनं फारच धरलं म्हणून तिच्याबरोबर सिनेमाला गेले. कुठला, कसला, मी विचारलंही नव्हतं. मॉलच्या वरच्या मजल्यावरचा गारेगार हॉल, पाय पसरता येतील अशा खुर्च्या, मक्याच्या लाह्यांचा खारट वास. पडद्यावर एक जुनं घर होतं, घरात एक ट्रंक आणि ट्रंकेत एक लाकडी बाहुला. काळा कोट, गालांवर लाल गोळे, आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत उतरलेल्या दोन चिरा. खोलीत कुणी नसताना त्यानं मान वळवली, जबडा उघडला आणि अख्खा हॉल किंचाळला. लेकही किंचाळली आणि मग स्वतःलाच हसली. मी उठले तशी म्हणाली, घाबरलीस का आई. मी आलेच म्हणून बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

मला भीती वाटली नव्हती. मला लाखेचा वास आला होता.

शहागंजच्या मागं आमची गल्ली होती आणि गल्लीच्या तोंडाशी करीमचाचांचं खरादाचं दुकान. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, भोवरे, सगळं ते खरादावर फिरवून काढत. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की लाख तापायची, वितळायची, लाकडाला लाल नाहीतर हिरवी कड चढायची आणि एक गोडसर, जळका वास गल्लीभर पसरायचा. शाळेतून येताना त्या वासावरून आम्हांला कळायचं, घर आलं. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. सिनेमावरून परत येताना मी रिक्षा मुद्दाम त्या बाजूनं घ्यायला लावली. गल्ली दिसली, ओटे दिसले नाहीत. ओटे आत घेऊन सगळ्यांनी खोल्या वाढवल्यात.

शकूताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती गेली त्याला आता वर्ष झालं. लहानपणापासून तिची जीभ अडायची. शब्द तिच्या तोंडाशी येऊन उंबऱ्यात अडखळल्यासारखा थांबायचा, मग तिची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस दया येऊन तो शब्द स्वतःच पुरा करायचा. पुष्कळदा चुकीचा. 'श' तर तिचा वैरीच होता, आणि तिचं नावच शकुंतला. कुणी नाव विचारलं की ती माझ्याकडं बघायची आणि मी सांगायचे. शाळेत हजेरीला सगळ्या मुली 'हजर बाई' म्हणायच्या, ताई हात वर करायची. बाईंचं लक्ष नसलं तर ती वर्गात असून गैरहजर.

आईनं सगळं करून पाहिलं होतं. वेखंड उगाळून जिभेला लावलं, गोल खडे तोंडात धरून वाचायला लावलं. कुणी सांगितलं म्हणून पहाटे उपाशीपोटी आवळे खायला घातले. आमचे अण्णा दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणत, तिच्या मागं लागू नका, येईल तेव्हा येईल. भाकरी थापताना परातीवर आईचा हात मग जरा जोरात पडायचा.

मग एका हिवाळ्यात शाळेत शब्दभ्रमाचा खेळ झाला. कोट घातलेला एक माणूस आला, त्यानं पेटीतून बाहुला काढून मांडीवर बसवला आणि बाहुला बोलायला लागला. पोरी हसून हसून आडव्या झाल्या. ताई हसत नव्हती. ती त्या माणसाच्या गळ्याकडं बघत होती.

त्याच संध्याकाळी आई कणीक मळत होती. ताईनं चुलीतल्या कोळशानं लाटण्याच्या टोकावर दोन डोळे आणि तोंड काढलं आणि लाटणं आईसमोर धरलं. आणि आमच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी आवाज आला. बारीक, नाकातला, जरासा उर्मट. "अम्मा, भूक लगी. कब देते रोटी?"

आईनं आधी दाराकडं पाहिलं. कुणाचं पोर आलं म्हणून. मग तिचे कणकेचे हात तसेच हवेत राहिले. ताईचे ओठ मिटलेले होते, नुसते कोपरे हलत होते, आणि तो आवाज अडत नव्हता. सरळ, घसरगुंडीवरून यावा तसा येत होता. हिंदीच का, ते आम्हांला कधीच नीट कळलं नाही. आमच्या गल्लीत निम्मी पोरं हौ, नक्को, कायकू असंच बोलायची, आम्हीही खेळताना तेच बोलायचो. पण ताईची स्वतःची जीभ त्या भाषेतही तेवढीच अडायची. लाटण्याची अडत नव्हती.

अण्णा घरी आले तेव्हा लाटण्यानं त्यांनाही सलाम केला. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले आणि कितीतरी वेळ त्या लाटण्याशी बोलत राहिले. आज शाळेत काय झालं, कुणाशी भांडण झालं, डब्यातली भाजी आवडली का. लाटणं सगळं सांगत होतं. आपल्या मुलीच्या मनात इतकं काय काय असतं हे अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ते करीमचाचांकडं गेले.

चाचांनी बाहुला करायला बरेच दिवस लावले. आधी डोकं झालं, सागाच्या तुकड्याचं, खरादावर काढलेलं, गोल गरगरीत. मग तोंडाच्या दोन चिरा, आत जबडा, जबड्याला सुतळी. हात-पाय पाळण्याच्या दांड्यांतून उरलेल्या लाकडाचे. गालांना लाल लाख, भुवयांना काळी. चाचींनी जुन्या मखमलीचं जाकीट शिवलं. देताना चाचा ताईला म्हणाले, ये मेरा पोता है, इसका नाम बब्बू है, इसको मारना नक्को. चाचांना मूलबाळ नव्हतं.

ते एक-दीड वर्ष आमच्या घरात आवाजच आवाज होता. दुपारी नळाला पाणी यायचं, गल्लीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन ओळीनं बसायच्या आणि ताई ओट्यावर बब्बूला घेऊन. बब्बू एकेकीची चौकशी करायचा. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या म्हशीचं काय. सीताफळं आली की म्हणायचा, मेरेकु बिया नक्को, सिरफ गर देव. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पाहुणे आले की बब्बूच ओळख करून द्यायचा, ये मेरी आपा है, इनका नाम शकुंतला है. 'श' असा मोकळा, वारा सुटल्यासारखा. मला नाव सांगावं लागत नव्हतं आता. त्याचं मला जरा वाईटही वाटायचं.

बब्बूवर सगळ्यांत जास्त जीव होता तो मुन्नाचा. मुन्ना समोरच्या विमलकाकूंचा धाकटा, चारेक वर्षांचा असेल. सकाळी दूध प्यायलं की तो आमच्या दारात, बब्बू उठा क्या म्हणत. बब्बू झोपलाय म्हटलं की उंबऱ्यावर बसून राही. बब्बूनं भरवल्याशिवाय दुपारचा घास त्याच्या गळ्याखाली उतरायचा नाही. विमलकाकू हसून म्हणायच्या, शकू, तुझ्या लाकडाच्या पोरानं माझं पोर सांभाळलं बघ.

त्या सुमारास वाळूजला कारखान्यांचे पत्रे उभे राहायला लागले होते. विमलकाकूंच्या मालकांना तिथं मजूर पुरवायचं काम मिळालं आणि त्यांच्याकडं गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आला. मग दिवाळीनंतर एका रविवारी व्हिडिओ आला. काकूंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. कॅसेटी भाड्यानं आणलेल्या, त्यात एक इंग्रजी होती. दुकानदारानं सांगितलं होतं, ह्यात बोलका बाहुला आहे, पोरांना आवडेल. काकूंनी मुद्दाम निरोप पाठवला, शकूला म्हणावं बब्बूला घेऊन ये, त्याच्या भावकीतला सिनेमा आहे.

ताईनं बब्बूचं जाकीट उन्हात टाकलं, त्याच्या गालांना खोबरेल लावून चकचकीत केलं. भर दुपारी काकूंच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली, ताई मधोमध, बब्बू तिच्या मांडीवर, आणि मुन्ना तिच्या कुशीला चिकटून.

भाषा कुणालाच कळत नव्हती. कळायची गरज पडली नाही. एक माणूस बाहुला घेऊन खेळ करत होता, लोक टाळ्या वाजवत होते. त्या बाहुल्यालाही तोंडाशी तशाच दोन चिरा होत्या. बोलक्या बाहुल्याला त्या असतातच, त्याशिवाय जबडा हलायचा कसा. पोरं आधी हसली, ते बघा, बब्बूचा भाऊ. मग सिनेमातला माणूस खोलीबाहेर गेला आणि खुर्चीवर एकट्या ठेवलेल्या बाहुल्याचे डोळे दाराकडं फिरले. संगीत थांबलं. पुढं काय काय झालं ते मला सलग आठवत नाही. एक बाई जिन्यावर पडलेली आठवते, आणि पडदाभर झालेला तो लाकडी जबडा, उघडणारा आणि मिटणारा.

मला आठवतं ते सतरंजीवरचं. प्रत्येक वेळी तो जबडा उघडला की पोरं थोडीशी सरकत होती. अंधारात नुसता घोंगडीवर घोंगडी घासल्यासारखा आवाज. आधी कुशीतला मुन्ना उठून आईकडं गेला. मग शेजारच्या दोघी. सिनेमा संपला, काकूंनी गोधड्या काढल्या आणि दुपारचं ऊन एकदम आत आलं. सगळी पोरं भिंतींना लागून बसली होती. मधल्या मोकळ्या सतरंजीवर ताई होती, तिच्या मांडीवर बब्बू, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मी.

मुन्ना आईच्या पदरात तोंड खुपसून मुसमुसत होता. ताईला ते बघवलं नाही. तिनं तेच केलं जे तो रडला की ती रोज करायची. बब्बूला उभं केलं आणि बब्बू म्हणाला, "डरते कायकू मुन्ना, मैं हूं ना."

मुन्नानं जी किंकाळी फोडली ती माझ्या कानांत अजून आहे. तो दाराबाहेर पळाला, ओट्यावरून खाली पडला आणि त्याची हनुवटी फुटली. अण्णांनीच त्याला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. रात्री त्याला ताप भरला. तापात तो आमच्या दाराकडं बोट करून रडायचा.

गल्ली वाईट नव्हती. कुणी आम्हांला टाकून बोललं नाही. पण पाण्याच्या वेळी बायका ओट्यापासून जरा लांब बसू लागल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात बब्बूचा खेळ ठरला होता, बाईंनी ताईला जवळ घेऊन सांगितलं, यंदा नको, लहान मुलं असतात. विमलकाकू एका सकाळी आईकडं आल्या, बसल्या, आणि त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, शकूची काही चूक नाय वो, पण माझं पोरगं डोळ्याला डोळा लावत नाय, थोडे दिवस बब्बूला आत ठेवा. आई म्हणाली, ठेवते. ताई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती.

त्या दुपारी ताईनं बब्बूला माझ्या जुन्या फ्रॉकात गुंडाळलं आणि मला घेऊन ती चाचांच्या दुकानात गेली. चाचांनी खराद थांबवला. ताईनं बब्बूला त्यांच्यासमोर ठेवलं. आज बब्बू बोलणार नव्हता, म्हणून ती स्वतः बोलली. मान ताठ झाली, डोळे मिटले.

"च-च-चाचा, ह्याचं त-तोंड बंद करून द्या."

चाचांना आधी कळेना. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी बब्बूच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, सनीमा झूठ रहता बेटा, लकडी को क्या मालूम मारना. ह्याला दुसरा रंग देतो, दाढी काढतो, टोपी घालतो, पोर ओळखणार बी नाही. ताई मान हलवत राहिली. "म-मुन्ना डरता," एवढंच म्हणाली.

चाचांनी सरस कढवला. सरसाचा तो घाण वास आणि त्याखाली लाखेचा. जबड्याच्या कडांना ब्रश फिरवून त्यांनी तोंड मिटवलं आणि म्हणाले, सुकेपर्यंत दाबून धरायला लागतं, मी धरतो. ताईनं बब्बूला त्यांच्या हातातून घेतलं. लाकडाच्या भुशात मांडी घालून बसली आणि त्याच्या हनुवटीखाली अंगठा देऊन दाबून धरलं. ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं तरी ती तशीच. चाचांनी त्या दुपारी पुन्हा खराद लावला नाही. तोंड पलीकडं करून बिडी ओढत बसले होते.

मग ती मुन्नाकडं गेली. त्याला दुरून दाखवलं, बोट घालून दाखवलं, की बघ, उघडत नाही. मुन्ना दोन दिवस दारामागून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं बब्बूच्या नाकाला हात लावला. मग जाकिटाची बटणं ओढली. आम्हांला वाटलं, झालं सगळं ठीक.

लहान पोरांची भीती ती, किती टिकणार. थंडी सरायच्या आत मुन्ना सिनेमा विसरला. हनुवटीवर टाक्यांची लाल रेघ तेवढी राहिली. एक दिवस तो ताटलीत वरणभात घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बब्बू, बोल ना."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं. मुन्ना रोज यायला लागला. बब्बू रुसला का, बब्बूला बरं नाही का. शेवटी अण्णाच बब्बूला घेऊन चाचांकडं गेले. चाचांनी वाफेवर धरून धरून सरस सोडवला, कडा घासल्या, सुतळी नवी घातली. जबडा पहिल्यासारखा उघडत होता, मिटत होता. घरी आल्यावर आईनं दिवा लावला, विमलकाकूंना बोलावलं. मुन्ना पुढ्यात बसला. ताईनं बब्बूच्या पाठीत हात घातला.

जबडा हलला. आवाज आला नाही. ताईनं पुन्हा श्वास घेतला.

"म-म-म..." बब्बू म्हणाला. "म-म-मुन्..."

मुन्नाला वाटलं हा नवीन खेळ आहे. तो टाळ्या वाजवून हसला आणि म्हणाला, बब्बू आपासारखं बोलतो. आई झटकन आत गेली. ताईनं हात बाहेर काढला, बब्बूचं जाकीट सारखं केलं आणि त्याला फडताळात ठेवलं. त्यानंतर तिनं त्याला कधी हात लावलेला मी पाहिला नाही. पुढं आम्ही गल्लीतलं घर विकलं तेव्हा सगळं सामान काढलं, माळा झाडला. बब्बू नव्हता. कुणी नेला, कधी गेला, आजवर कळलं नाही. चाचा त्याच्या आधीच गेले होते.

ताईचं बोलणं नंतर लागेल तेवढंच राहिलं. हो, नाही, आले. तिला बघायला बिडकीनची मंडळी आली तेव्हा अण्णांनी तिच्या जिभेचं खरं ते सांगून टाकलं. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, पोरगी कमी बोलती हे घराला बरंच असतं. लग्न ठरलं. दाजी साधे, कष्टाळू, तोंडात वाईट शब्द नसलेले. तिला त्यांनी कधी दुखवलं नाही. मी सणावाराला जायचे तेव्हा ती माझ्या आवडीचं सगळं करून घालायची, निघताना डोळे भरून यायचे, आणि बोलायचे ते दाजीच. बब्बूचं नाव तिथं कुणी कधी काढलं नाही. काढून काय सांगायचं होतं.

ह्या रविवारी तिच्या वर्षश्राद्धाला बिडकीनला गेले. दाजींची बरीच जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, उरलेल्या पट्टीत कापूस आहे. पानं उठल्यावर, पाहुणे पांगल्यावर, दाजी म्हणाले चला, रान दाखवतो. आम्ही बांधावर बसलो. बोंडं फुटली होती. लांबवर क्रेनची मान फिरत होती.

बराच वेळ दाजी पायाखालची ढेकळं फोडत राहिले. मग म्हणाले, एक इचारायचं होतं, इतके दिवस कुणाला इचारलं नाय. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ती कापूस वेचायला एकटी आली होती, ते तिची भाकर घेऊन मागून आले. तर रानातून कुणी परकं माणूस बोलतंय असं वाटलं. हिंदीतनं. बारीक आवाज. ते विळा घेऊन पुढं झाले आणि पाहतात तर ताई एकटी. कापसाशी बोलत होती. आज धूप लई है, तुम सब थक गये क्या, असलं काहीबाही. हसत होती. शब्द कुठं थांबत नव्हता.

"म्या तसाच मागं फिरलो," दाजी म्हणाले. "वाटलं, आपुन दिसलो की थांबंल ती. मग कायम तसंच केलं. ती रानात आली की म्या त्या लिंबाखाली येऊन बसायचा, तिला दिसनार नाय आसा. उभा जल्म ऐकलं. कवा तरी माझ्यासंगं बी बोलंल, आसं वाटायचं. नाय बोलली. म्या बी कवा म्हनलं नाय, मला ठावं हाये म्हनून."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तो आवाज कुनाचा व्हता वो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लाटणं, चाचा, मुन्ना, गोधड्या लावलेली खोली, सरस. ऊन कलंडलं, क्रेन थांबली, कामगारांची बस रस्त्यानं गेली.

"तुमी शेजारी बसून ऐकलाय," ते शेवटी म्हणाले. "माझ्या वाट्याला लांबूनच आला. जवळून कसा व्हता?"

मी म्हणाले, बारीक होता दाजी. जरासा नाकातला. आणि अडत नव्हता.

"व्हय," दाजी म्हणाले. "अडत नव्हता."